घरापर्यंत गेलेली शाळा : अनुताई वाघ



दिवाळी सरली की आपल्या परभणी जिल्ह्यात कितीतरी वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर अशा भागांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांना अंधारातच फडात उतरायचे असते, मग तान्ह्या लेकराला सांभाळायला कोणीतरी लागते. म्हणून आठ-दहा वर्षांची थोरली मुलगीही बरोबर जाते. इकडे शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव तसेच असते आणि गुरुजी रोज त्यापुढे गैरहजेरी मांडतात. होळी-पाडव्याच्या सुमारास ती परत येते तेव्हा वर्ग खूप पुढे गेलेला असतो. तिला काही येत नाही, मैत्रिणी हसतात, आणि एक दिवस ती शाळेत यायचीच बंद होते.

आपल्यापैकी काही जण शिक्षक आहेत, काही भगिनी अंगणवाडीत काम करतात, आणि काहींच्या नात्यागोत्यात अशी घरे आहेत. मुलाच्या घरची अडचण शाळेच्या दारात येते तेव्हा शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरातला आहे. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेने जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे या प्रश्नावर काम केले. त्यांचे नाव अनुताई वाघ. आज त्यांची ओळख करून घेऊ.

तेराव्या वर्षी कोसळलेले घर

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या काही महिन्यांत त्या विधवा झाल्या. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच तो संपला होता. त्या वेळी अशा मुलीच्या वाट्याला बहुधा स्वयंपाकघराचा कोपरा आणि दुसऱ्यांच्या मुलांची उस्तवारी एवढेच येई. परंतु माहेरच्या माणसांनी अनुताईंना शिकू दिले. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते येथे. एका कुटुंबाने लोकांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून मुलीच्या हातात पुस्तक दिले, आणि त्यातून पुढे हजारो मुलांची शिक्षिका तयार झाली.

पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन अनुताईंनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे नोकरी सुरू केली. पुढे १९३३ पासून अकरा-बारा वर्षे त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवत होत्या. दिवसा शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचे, असे करून त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. ची पदवी तर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर, १९६१ मध्ये मिळवली. घरच्या आपत्तीमुळे शिक्षण तुटणे म्हणजे काय आणि ते पुन्हा जोडायला किती बळ लागते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

बोर्डीची वाट

कस्तुरबा गांधी यांचे १९४४ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ट्रस्टने खेड्यांत काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी शिबिरे घेतली. १९४५ मध्ये बोरिवली येथे असे एक शिबिर भरले, त्यात अनुताई गेल्या. तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली.

ताराबाईंचे नाव तेव्हा बालशिक्षणात मोठे होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये मुंबईला दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. पण शहरातील सुशिक्षित घरांतली मुले शिकतात, आणि ज्यांच्या घरी काहीच नाही ती बाहेर राहतात, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. म्हणून त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढायचे ठरवले. हे गाव डहाणू तालुक्यातले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताईंनी पुण्यातील स्थिर नोकरी सोडली आणि १९४५ च्या अखेरीस त्या बोर्डीला आल्या. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या.

त्या भागातील गरिबी साधी नव्हती. वारली आदिवासी सावकार-जमीनदारांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले होते. वेठबिगारी चालू होती. १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठीविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. ज्या घरातील आई-बाप दुसऱ्याच्या शेतावर राबतात, त्या घरी मुलाला वेळेवर उठवून, न्हाऊ-माखू घालून शाळेत कोण पाठवणार? अनुताईंच्या समोर जी मुले होती ती अशा घरांतली होती.

अंगणात भरलेली बालवाडी

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. वाटले होते की मुले येतील. परंतु ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या दलित आणि आदिवासी घरांतली मुले आलीच नाहीत. आपण अशा वेळी काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. या लोकांना शिक्षणाची किंमत नाही, पालकच बेफिकीर आहेत, असे म्हणून आपण मोकळे होतो.

ताराबाई आणि अनुताई यांनी पालकांवर ठपका ठेवला नाही. त्या वस्तीत गेल्या. तेथे गेल्यावर जे दिसायचे ते दिसले. आई पहाटेच कामावर गेलेली असे. दुसऱ्या आळीत जाऊन बसायची मुलांना भीती वाटे, कारण जातीची शिवाशिव अजून गेलेली नव्हती. अंगावर धड कपडा नसे. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्याकडे जायचे, असे या दोघींनी ठरवले. वस्तीतल्याच एखाद्या घराचे अंगण झाडायचे आणि तेथेच मुलांना गोळा करायचे. ही अंगणातली बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

अंगणात वर्ग भरल्याने फार मोठा फरक पडला. मुलांना घरापासून लांब जावे लागेना. म्हाताऱ्या आज्या ओट्यावर बसून पाहू लागल्या. कामावरून आलेली आई दारातच थांबून आपले लेकरू काय करते आहे ते बघू लागली. मुलांची नखे कापणे, केस विंचरणे, हातपाय धुणे हा बालवाडीतल्या शिक्षणाचाच भाग होता. आईला त्यासाठी बोल लावण्याऐवजी तिच्यासमोर ते काम करून दाखवले जाई.

साहित्यही तसेच. माँटेसरी पद्धतीची साधने महाग असत. ती या गावाला परवडणार नव्हती, आणि मुलांनाही ती परकी वाटली असती. त्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांच्यापासून मोजणे, लावणे, ओळखणे हे सारे शिकवले गेले. घरात काही नाही म्हणून मूल कमी आहे, असे त्याला वाटू नये याची ही काळजी होती.

गुरांमागे गेलेली शाळा

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे जवळजवळ सारी वस्ती वारल्यांची. येथे नवी अडचण आली. सहा-सात वर्षांचा झाला की मुलगा गुरे-शेळ्या राखायला जाई. त्याची ती कमाई थोडी असली तरी घराला तिची गरज होती. त्याला शाळेत बसवायचे म्हणजे घरच्या भाकरीत तेवढी घट करायची. कायद्याचा धाक दाखवून किंवा आई-बापांना दोष देऊन हा हिशेब बदलणार नव्हता.

शिक्षक मग साहित्य घेऊन कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असत, आणि झाडाच्या सावलीत मुलांची शाळा भरे. एखादी गाय लांब गेली तर मुलाने उठून तिला वळवून आणायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. हीच ती प्रसिद्ध कुरणशाळा. पुढे अनुताईंनी या प्रयोगावर लिहिलेही. मुलाचे काम न तोडता त्याला शिकवता येते, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. पण ती करण्यासाठी शिक्षकाला खुर्ची सोडून उन्हात जावे लागले, आणि शाळेची वेळ घड्याळाऐवजी गुरांच्या चरण्यावर ठरवावी लागली.

मुलींची अडचण वेगळी होती. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. भावंडाला टाकून शाळेत कसे जायचे? कोसबाडच्या विकासवाडीत म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेवली गेली. मुलीने भावंडाला कडेवर घेऊनच यावे, तान्ह्याला पाळणाघरात द्यावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जावे, अशी ती सोय होती. आईही निर्धास्त आणि मुलगीही शाळेत. ही कल्पना मूळ ताराबाईंची, पण वर्षानुवर्षे ती रोज चालवून दाखवली ती अनुताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

ऊसफडावर भावंड राखणारी आपल्याकडची मुलगी डोळ्यांसमोर आणली, म्हणजे या पाळणाघराची किंमत कळते.

टेकडीवरची शेवटची वर्षे

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडच्या कामाची जबाबदारी अनुताईंवर आली. शिक्षण पत्रिका या मासिकाचे संपादन, शिक्षिकांचे प्रशिक्षण, लेखन असा त्यांचा व्याप वाढत गेला. कोसबाडच्या टेकडीवरून या नावाने त्यांनी आपली जीवनकथाही लिहिली. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. 

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत सुरू केली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. आज ती गावोगावी आहे. बोर्डीच्या वस्तीत झाडलेल्या त्या अंगणाची आठवण या नावात राहिली आहे.

कोसबाडमुळे वारल्यांची गरिबी संपली, असे मात्र म्हणता येणार नाही. जमीन, कर्ज, मजुरी यांचे प्रश्न शाळेने सुटणारे नव्हते. त्यासाठी वेगळे लढे झाले. अनुताईंच्या हातात होते ते एवढेच की गरिबीमुळे मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून शाळेने आपली जागा, वेळ आणि रीत बदलावी. तेवढे त्यांनी केले. शिक्षकाने सर्व काही करावे अशी अपेक्षा आपणही ठेवू नये. पण त्याच्या हाती जे आहे ते पुष्कळ आहे, हे आपण विसरू नये.

आपल्यासाठी

अनुताईंच्या आयुष्यातून आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांनी आणि आपण सर्वांनी घेण्यासारख्या काही गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, मूल गैरहजर राहू लागले की त्याच्या घरी जावे. तपासणीला आल्यासारखे न जाता ओट्यावर बसून चहा घेण्याइतक्या निवांतपणे जावे. मुलाला का पाठवत नाही, असे विचारले की पालक खोटे बोलतात किंवा गप्प बसतात. त्याऐवजी मूल दिवसभर घरी काय काम करते, ते विचारावे. भावंड सांभाळते, शेळ्या राखते, आजारी आजीला पाणी देते, की बापाच्या दारूमुळे रात्रभर जागे असते, हे कळले की पुढचा मार्ग सुचतो.

दुसरी गोष्ट, कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांशी बोलणे दिवाळीच्या आधी व्हायला हवे. गाडी भरल्यावर बोलून उपयोग नाही. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, शासनाच्या हंगामी वसतिगृह योजनेचा आधार मिळेल का, याची चौकशी शाळेत वेळीच करावी. मूल सोबत जाणारच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेला ते मूल कोठवर शिकले आहे ते कळते. दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. ही एक गोष्ट जरी आई-बापांना माहीत असली तरी ती त्यांना बळ देते.

तिसरी गोष्ट, भावंड घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठवू नये. जवळच्या अंगणवाडीत त्या लेकराची सोय होते का ते पाहावे. तसे होईपर्यंत वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकली तरी चालेल. थोडा गोंधळ होईल, पण मुलगी शाळेत राहील.

चौथी गोष्ट, घरी जे पाहिले ते वर्गात आणि गावात बोलू नये. कर्ज, दारू, भांडण, आत्महत्या झालेले घर, ही सारी मुलाची जखम आहे. ज्या शेतकऱ्याच्या घरी असा प्रसंग घडला, तेथील मुलाला सर्वांसमोर बिचारा म्हणणे हेही त्याला टोचते. मधल्या सुटीत जवळ बोलावून दोन शब्द विचारावेत, वही हळूच द्यावी, आणि घरातल्या आईला बालसंगोपन योजनेची माहिती द्यावी. मूल घरात मार खात असेल किंवा मुलीचे बालपणीच लग्न ठरत असेल, तर मात्र गप्प राहू नये. १०९८ या क्रमांकावर कळवावे. ते काम एकट्या शिक्षकाने अंगावर घेऊ नये.

पाचवी गोष्ट आपल्या सर्वांची आहे. अनुताईंच्या पाठीशी ताराबाई होत्या, सहकारी होते, आपले अंगण देणारी घरे होती. आपल्या गावातल्या शिक्षिकेच्या पाठीशी कोण आहे? हंगामात शेजारच्या एका मुलीला आपल्या घरी झोपायला आणि जेवायला ठेवणारी मावशी, संध्याकाळी चार मुलांना आपल्या दिव्याखाली अभ्यासाला बसवणारा कॉलेजातला दादा, दोन घरे जाऊन कागद भरून देणारे निवृत्त गुरुजी, असे लोक आपल्यात आहेत. त्यांनी शिक्षकांना एकदा जाऊन भेटावे आणि कोणत्या मुलासाठी काय लागेल ते विचारावे.

यंदा दिवाळीनंतर कोणत्या घराला कुलूप लागणार, हे आपल्यापैकी बहुतेकांना आताच ठाऊक आहे. त्या घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर रविवारी येथून घरी जाताना वाटेत त्या दारी थांबावे, एवढीच विनंती.